आबांसाठी पहिली ताटली

आमच्या घरी तांदूळ म्हणजे आजाऱ्याचा, नाहीतर पाहुण्याचा. बाकी सगळ्यांना ज्वारी. सकाळी भाकरी, रात्री भाकरी, आणि मधल्या वेळेला कुणाला भूक लागलीच तर शिळी भाकरी कुस्करून तिच्यावर तेल-तिखट. दुष्काळाच्या त्या दिवसांत कालवण म्हणजे येसराची मसालेदार पूड घालून उकळलेलं पाणी, आणि भाजी म्हणजे वाळवून ठेवलेली अंबाडी. त्यामुळं त्या कोरड्या आषाढात माझ्या आईनं येडशीच्या गल्लीत तांदळाचे चिनी नूडल्स केले असं मी सांगते तेव्हा माझ्या सुना हसतात. त्यांना ती मोठी गंमत वाटते. मीही पुष्कळ वर्षं ती गंमत म्हणूनच सांगत आले, आणि गोष्ट जिथं गमतीची उरत नाही तिथं आल्यावर पाणी प्यायला उठत आले. आता गुडघ्यांमुळं पटकन उठवत नाही, तेव्हा पुढचंही लिहून टाकते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खरेदी-विक्री संघाच्या गोदामात कारकून होते. त्यांच्या सदऱ्याला खताचा वास यायचा, कितीही धुतला तरी. नोकरी लागल्यावर गावातला आमचा बौद्धवाडा सोडून आम्ही येडशीला आलो, आणि खोली शोधता शोधता अण्णांच्या चपला झिजल्या. खोली दाखवायचे, पाण्याचं सांगायचे, परसदार दाखवायचे, आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की ती खोली कालच कुणालातरी दिलेली असायची. शेवटी आबा मध्ये पडले. आबा म्हणजे गोदामात बी-बियाणं न्यायला येणारे एक म्हातारे शेतकरी. गळ्यात माळ, छातीत दमा, आणि बोलणं एकदम रोखठोक. त्यांच्या घराला लागूनच पुतण्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. पुतण्या कां-कूं करायला लागला तेव्हा आबा म्हणाले होते, ‘माणूस नेकीचा हाय, म्या बघितलाय. उद्या काय झालं तर मला इचार.’ अशी आम्हाला ती जागा मिळाली. सगळ्या गल्लीत बौद्धांचं घर आमचं तेवढं एक.

आबांचा तो शब्द आईनं फार जपला. ते जामीन राहिलेत, तर त्यांना खाली बघायला लागू नये, एवढंच तिचं चाललेलं असायचं. गल्ली जागी व्हायच्या आत आमच्या दारापुढं झाडलेलं असे. रेडिओ आमच्या घरातल्या घरात ऐकू येईल एवढाच. टँकर आला की आई आपली घागर सगळ्यांच्या मागं लावायची, आणि कधीकधी तिचा नंबर येईपर्यंत टँकरचा नळ फुसफुसायला लागायचा. मी चिडायचे. तर म्हणायची, ‘बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची न्हाय, सुमन. एकदा दाखवलं की ते आपल्या एकट्यावर ऱ्हात न्हाय.’ मी तेव्हा आठवीत. मला वाटायचं, ही उगीच भिते. आज तिच्या त्या वयापेक्षा मी कितीतरी मोठी झाले आहे, आणि अजूनही नव्या सोसायटीत राहायला गेले की जिन्यातला दिवा आधी मीच पुसते.

आबांची बायको गयाकाकू. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि दिवसातून दहा वेळा तिच्यावरून काहीतरी इकडून तिकडं जायचं. विरजण, काडेपेटी, उसनं मीठ, उसन्या बातम्या. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आबांना फार आवडायची. गयाकाकू त्यांना तिखट खाऊ देत नसत, म्हणून ते भिंतीपाशी येऊन हळूच मला खूण करायचे आणि मी कागदात बांधून चटणी द्यायचे. काकूंना हे सगळं ठाऊक होतं. पण नवऱ्याची चोरी पकडायची नाही, एवढी मोकळीक त्यांनी म्हाताऱ्याला दिलेली होती.

माझा मोठा भाऊ विलास पुण्यात आयटीआय करत होता. संध्याकाळी तो एका चायनीज हॉटेलच्या भटारखान्यात कोबी चिरायला जायचा. एकदा सकाळच्या एस.टी.नं तो घरी आला तो हातात पार्सल घेऊन. रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तपकिरी शेवया. रात्रभराच्या प्रवासानं त्या आंबल्या होत्या आणि त्यांचा गोळा झाला होता. अण्णांनी वास घेऊन पिशवी लांब धरली. मी मात्र एक बोटभर खाल्लं आणि त्या आंबट-खारट चवीचं मला वेडच लागलं. आईनं एक तंतू ओढून काढला, पाण्यात बुडवून धुतला, दातानं तोडला आणि म्हणाली, ‘हे तांदूळ हाय रं.’

विलास म्हणाला, मालक सांगतो की हे चीनवरून येतं. आईला ते काही पटेना. चीनची बाई तरी काय निराळं करत असेल, तिनं विचारलं. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, उकड काढायची, सोऱ्यातून दाबायची. आपण गव्हाची कुरडई करतो, ती तांदळाची करते. विलासनं आईला उंटावरची शहाणी ठरवलं, आणि पुढच्या खेपेला येताना मुकाट्यानं सोया सॉसची आणि व्हिनेगरची अशा दोन लहान बाटल्या घेऊन आला. बार्शीला उतरून कोबी, गाजर आणि पातीचा कांदाही आणला. आमच्याकडं त्या वर्षी हिरवं म्हणून काही उगवलंच नव्हतं.

तांदूळ रेशनचा होता, जाड आणि जुनाट वासाचा. तो भिजत घालायचा म्हणजे रोज पाणी बदलायचं, आणि पाणी तर टँकरचं. आईनं ते धुवणाचं पाणी एक थेंब वाया घालवलं नाही. पहिलं भांड्यांना, दुसरं शेळीला, तिसरं येसरात. मग पाट्यावर वाटण. मग उकड. उकड गरम असतानाच दाबावी लागते, थंड झाली की तुटते, म्हणून आई हात पोळत गोळे भरत होती आणि विलास सोऱ्यावर सगळा भार टाकून दाबत होता. शेवया बाजेवरच्या लुगड्यावर पडत होत्या, पांढऱ्याशुभ्र. सोऱ्याची करकर ऐकून आबा भिंतीपाशी आले. आषाढात कुणी कुरडया घालतं का, म्हणून त्यांनी आईची थट्टा केली. मी त्यांना सांगितलं की या कुरडया नव्हेत, चीनची शेवई आहे. आबा खोकत खोकत हसले. म्हणाले, ‘मग पैली ताटली माजी. हिला सांगू नको. परसदारानं घिऊन ये.’

ते ऐकल्यापासून आमच्या घरात सगळं आबांच्या हिशेबानं ठरू लागलं. विलास म्हणाला, यात अंडं फोडून घालतात. आई म्हणाली, अंडं नाही, आबांच्या गळ्यात माळ आहे. तिखट बेतानं, आबांना दमा आहे. त्या शेवया वाळेपर्यंत आबा रोज एकदा विचारायचे, चीनची गाडी कुठवर आली म्हणून.

ज्या दुपारी आम्ही त्या करायला घेतल्या त्या दुपारी बालाघाटावरून असा वारा सुटला होता की दारं बडवत होती आणि घरात फुफाटा येत होता. विलासचं म्हणणं होतं की या पदार्थाला जाळ मोठा लागतो. जाळ कमी पडला की शेवयांचा गिच्चा होतो. वाऱ्यानं स्टोव्ह फडफडायला लागला तेव्हा त्यानं पुढचं दार लावलं, खिडकी लावली, आणि स्टोव्हला इतका पंप मारला की त्याची घरघर भिंतीत घुमायला लागली. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. पहिला घाणा बिघडला, कढईच्या बुडाला चिकटून बसला. आई म्हणाली, घे, हात दाखवून अवलक्षण. मग तिनंच सुचवलं म्हणून दुसऱ्या वेळी उकडलेल्या शेवयांना आधी तेलाचा हात लावला. लोखंडी कढईत लसूण पडला, मिरची पडली, कांदा, कोबी, मग शेवया, आणि विलास दोन कलथ्यांनी त्या वरखाली करायला लागला. कलथ्यांचा खणखणाट, सॉसचा चर्र आवाज, तो वास. आम्हाला तिघांनाही ठसका लागला आणि ठसका लागला म्हणून हसू आलं. मी तर नाचत होते. आईला मी इतकं मोठ्यानं हसताना फारसं पाहिलेलं नाही. त्या घरात तर नाहीच.

विलासनं पहिली ताटली भरली. वरून पातीचा कांदा पेरला. आईनं तिच्यावर दुसरी ताटली झाकली, पदरानं कड पुसली आणि मला म्हणाली, जा, गरम आहे तोवर दे त्यांना. मी आमच्या परसदारानं बाहेर पडले आणि आबांच्या गोठ्याला वळसा घालून त्यांच्या मागच्या दाराशी गेले. त्या वेळी मला काहीतरी कळायला हवं होतं. गोठ्यातल्या म्हशीपुढं वैरण नव्हती. कुणाच्याही घरातून धूर निघत नव्हता. पण माझं सगळं लक्ष हातातल्या ताटलीकडं होतं. दार उघडंच होतं. मी आत पाय टाकला, झाकण काढलं आणि म्हणाले, ‘आबा, आली चीनची गाडी.’

आत बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. मधल्या खोलीत जमिनीवर आबांना ठेवलं होतं. अंगावर पांढरं धोतर, नाकात कापूस. गयाकाकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, कपाळ पुसलेलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता आणि नेमक्या त्याच वेळी त्या गप्प होत्या. माझ्या हातातल्या ताटलीतून वाफ निघत होती. लसणाचा आणि तेलाचा वास त्या खोलीभर झाला.

पहिल्यांदा बोलली ती गयाकाकूंची जाऊ. ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि आम्हाला खोली दिल्यापासून आबांवर तिचा राग होता. ती म्हणाली, मघापासून वास येतोय, गल्लीत मयत पडलंय आणि चूल कुणाची पेटलीय म्हणून आम्ही बघतोय, तर ती यांची. पोरगं सांगायला धाडलं तर यांचं दार बंद. मला सांगायचं होतं की वारा होता, स्टोव्ह होता, ही ताटली आबांचीच होती. पण मी नुसतं ताटलीवर झाकण परत ठेवलं. मग तिनं आवाज खाली आणला, जवळजवळ मायेनं, आणि विचारलं, ‘तुमच्यात चालतं का गं असलं?’

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली, याचा मी पुढं आयुष्यभर विचार केला आहे. मला खरं काय ते चांगलं माहीत होतं. पण त्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मला तिथून निघायचं होतं. हो म्हटलं की कुणी रागावणार नव्हतं. ज्यांना रीतच नाही त्यांच्यावर काय रागवायचं? आणि झालंही तसंच. तिनं बाकीच्या बायकांकडं पाहिलं, कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि मला जाऊ दिलं. मी सुटले, आणि सुटल्याचं मला बरं वाटलं. लाज वाटायची ती त्या बरं वाटण्याची वाटते.

घरी आले तेव्हा स्टोव्ह तसाच घरघरत होता. आईनं विचारलं, काय म्हणाले आबा, मीठ बरोबर आहे का? मी सांगितलं की आबा गेले. तिला घरघरीत ऐकू आलं नाही, मला परत सांगावं लागलं. विलासनं स्टोव्हची हवा सोडली. घर एकदम शांत झालं आणि भिंतीपलीकडून गयाकाकूंचं पुन्हा सुरू झालेलं रडणं ऐकू आलं. ते बहुतेक कितीतरी वेळ चालू होतं. आई खाली बसली. मग उठली आणि तोंडावर पदर घेऊन शेजारी गेली. अण्णा गोदामातून परस्पर आले. ते आणि विलास मसणवाट्यापर्यंत गेले, लोकांच्या बरेच मागून चालत. त्या दिवशी आमच्याशी कुणीही काही बोललं नाही. कढईतल्या शेवया झाकून ठेवल्या होत्या. त्या टाकवतही नव्हत्या आणि खाववतही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या शेळीनंही तोंडात घेतल्या नाहीत.

आईला माझी ती मान कळली ती टँकरच्या रांगेत. शेजारची एक बाई तिची समजूत घालायला आली. मनाला लावून घेऊ नका, तुमची पोरगीच म्हणाली की तुमच्यात चालतं. आई घागर घेऊन घरी आली, ती उतरवून ठेवली आणि मला विचारलं की मी असं म्हणाले का. मी म्हटलं, बोलले नाही, नुसती मान हलवली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘उद्या माज्यासंगं चल.’ संध्याकाळी तिनं भाकऱ्यांचं पीठ काढून ठेवलं तेव्हा अण्णा म्हणाले की जाऊ नये, झालं ते झालं, चार दिवसांनी लोक विसरतील. आईनं पिठावर झाकण ठेवलं. मला आशा होती की अण्णा तिला अडवतील.

आमच्या भागात मयताच्या घरात तिसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बायका पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. आई माझ्या डोक्यावर भाकऱ्यांची दुरडी देऊन पुढच्या दारानं, सगळ्या गल्लीतून निघाली. आत त्याच बायका होत्या. गयाकाकूंनी आईचा हात धरून तिला जवळ बसवलं. आई काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, ‘शांता, तू उगं झुरू नगं. ही माजी जाऊ काय बी बोलली असंल, पर तू ध्यानात घिऊ नगं. तुमच्यात चालतं, तुमी केलं. ह्यात तुमचा काय गुन्हा?’

हे त्या अगदी मनापासून बोलल्या. नवरा जाऊन तिसरा दिवस, घशातून आवाज निघत नाही, आणि बाई आमची बाजू सावरत होती. आईनं हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. गल्लीला ते पटलेलंच होतं. मी मनातल्या मनात आईला विनवत होते की नको, आता काही बोलू नको.

आई म्हणाली, ‘न्हाय काकू. आमच्यातबी चालत न्हाय. माजा बाप गेला तवा आमच्या सबंध वाड्यात कुणी चूल पेटवली न्हाय. वारं हुतं म्हनून दार लावलं, स्टो चालू हुता, आमाला कळलं न्हाय. पर चूल पेटली ती पेटली. आमचं चुकलं.’

मग जाऊबाई म्हणाली की माहीत होतं तर तुमच्या पोरीनं असं कसं सांगितलं. आई माझ्याऐवजी बोलेल असं मला वाटलं. ती नेहमी बोलायची. पण ती नुसती माझ्याकडं वळली आणि थांबली. सगळ्याच वळल्या. दुरडी अजून माझ्या हातातच होती. मी जमिनीकडं बघून म्हणाले की मी खोटं सांगितलं, आमच्यातही चालत नाही.

दाराशी एक म्हातारी बसली होती, तिला कमी ऐकू यायचं. तिनं शेजारणीला विचारलं, ‘काय म्हणली पोरगी?’

शेजारीण सांगणार होती, पण आईनं हातानं तिला थांबवलं. मग मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.